व्यत्यय, व्यतिकरण आणि अंतरिक्ष : दळणवळण-उपग्रहांच्या मराठी परिभाषेची एक चिकित्सा

१. प्रास्ताविक

मराठीतील शास्त्रीय परिभाषेविषयी जी चर्चा आजवर झाली, ती प्रायः शब्दांच्या कुळासंबंधी झाली आहे. संस्कृत धातूंपासून शब्द घडवावेत की इंग्रजी शब्द जसेच्या तसे उचलावेत, हाच वादाचा मुख्य विषय राहिला. तथापि शब्द कोठून आला यापेक्षा तो वापरणाऱ्याच्या मनात कोणता संबंध उभा करतो, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा होय. परिभाषेतील शब्द जर वस्तुस्थितीतील भेद झाकत असेल, तर तो कितीही शुद्ध असला तरी सदोषच मानावा लागतो. आणि तो भेद प्रकट करीत असेल, तर त्याचे कूळ दुय्यम ठरते.

या दृष्टीने दळणवळण-उपग्रहांचे क्षेत्र परीक्षणास विशेष सोयीचे आहे. उपग्रहावरील संदेशवाहक यंत्रणा परस्परांच्या विद्युत्-चुंबकीय उपद्रवापासून कशा राखाव्यात, हा त्या विद्येतील एक कळीचा प्रश्न आहे. या उपद्रवास इंग्रजीत ‘इंटरफिअरन्स’ म्हणतात. मराठीत त्यासाठी ‘व्यतिकरण’, ‘व्यत्यय’, ‘हस्तक्षेप’ आणि ‘अडथळा’ असे चार शब्द फिरताना दिसतात. हे चारही एकाच अर्थाचे पर्याय आहेत, अशी सामान्य समजूत आहे. ती कितपत ग्राह्य आहे, याचा विचार येथे केला आहे.

२. विषयाचे स्वरूप

भूस्थिर दळणवळण-उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतो. जमिनीवरून, उदाहरणार्थ, ६ गिगाहर्ट्झच्या आसपास पाठविलेला संदेश तो ग्रहण करतो, त्याची कंप्रता ४ गिगाहर्ट्झच्या आसपास आणतो, त्याचे विवर्धन करतो आणि तो पुन्हा जमिनीकडे सोडतो. एवढ्या अंतरात ६ गिगाहर्ट्झच्या तरंगाची होणारी घट, ॲन्टेनांचा लाभ वगळता, सुमारे १९९ डेसिबेल भरते. म्हणजे पाठविलेली शक्ती सुमारे १ वर २० शून्ये इतक्या पटीने क्षीण होते. ती भरून काढण्यासाठी ट्रान्सपाँडरमध्ये शंभर डेसिबेलांहून अधिक, म्हणजे एक हजार कोटी पटींहून अधिक विवर्धन करावे लागते.

यावरून अडचणीचे मर्म ध्यानी यावे. अत्यंत मंद आवाज ऐकणारा कान आणि मोठ्याने ओरडणारे मुख ही दोन्ही एकाच लहानशा देहात, काही हातांच्या अंतरावर, बसविलेली असतात. ऐकण्याची व बोलण्याची कंप्रता भिन्न ठेवण्याचे एक प्रमुख कारण हेच आहे. शिवाय त्याच देहात कित्येक हजार व्होल्टच्या दाबावर चालणाऱ्या विवर्धक-नलिका असतात, क्षणोक्षणी विद्युत्प्रवाह जोडणारे व तोडणारे वीजपुरवठ्याचे मंडल असते, संगणक असतो आणि या सर्वांना जोडणारे तारांचे मोठे जाळे असते. यांपैकी प्रत्येक घटक दुसऱ्याच्या कामात उपद्रव करू शकतो.

इंग्रजी शब्दाचा इतिहास येथे मोठा उद्बोधक आहे. ‘इंटरफिअर’ हे क्रियापद फ्रेंचमधून आले असून, चालताना घोड्याचा एक पाय त्याच्याच दुसऱ्या पायास आपटणे किंवा घासणे, असा त्याचा जुना अर्थ आहे. परक्याने मध्ये हात घालणे हा अर्थ नंतरचा. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी टॉमस यंग या शास्त्रज्ञाने प्रकाशतरंगांच्या परस्परमिलनास तोच शब्द लावला. उपग्रहाच्या अंतर्गत उपद्रवास त्यातील पहिला, घोड्याच्या पायांचा अर्थच सर्वांत जवळचा आहे. कारण तेथे परका कोणी नसतो, स्वतःचाच एक अवयव दुसऱ्यास बाधतो. ‘हस्तक्षेप’ हा राजकारणातून आलेला शब्द या ठिकाणी अयोग्य का, हे यावरून स्पष्ट होते. हस्तक्षेप करणाऱ्यास हेतू असतो आणि तो बाहेरचा असतो. उपग्रहातील वीजपुरवठ्यास हेतूही नसतो आणि तो बाहेरचाही नसतो.

३. ‘व्यतिकरण’ आणि ‘व्यत्यय’

मराठीतील भौतिकशास्त्राच्या पुस्तकांत प्रकाशतरंगांच्या मिलनास ‘व्यतिकरण’ म्हणण्याचा प्रघात पडला आहे. दोन तरंग एकत्र येऊन काही ठिकाणी परस्परांस बळ देतात व काही ठिकाणी परस्परांस नष्ट करतात; हे घडणे बरे नव्हे आणि वाईटही नव्हे, ती केवळ एक प्रक्रिया होय. याउलट ‘व्यत्यय’ या शब्दात हानीची जाणीव आहे. संस्कृतात या शब्दाचा मूळ अर्थ उलटापालट असा आहे. वैदिक रूपांत नियमाप्रमाणे अपेक्षित असलेल्या प्रत्ययाच्या जागी दुसराच प्रत्यय येतो, त्यास पाणिनीने हीच संज्ञा वापरली आहे. मराठीत मात्र तो शब्द ‘चालू कामात पडलेला खंड’ या अर्थी स्थिरावला.

एका इंग्रजी शब्दास एकच प्रतिशब्द असावा, असे तत्त्व परिभाषाकारांनी पुष्कळदा शिरोधार्य मानले. डॉ. रघुवीर यांनी नागपूर येथे राहून जो प्रचंड शब्दसंग्रह सिद्ध केला, त्यातील उपसर्ग व धातू यांची काटेकोर योजना आजही थक्क करणारी आहे. परंतु हे तत्त्व इंग्रजीतील प्रत्येक शब्द एकार्थी आहे असे गृहीत धरते, आणि ‘इंटरफिअरन्स’ हा तसा शब्द नाही. त्यात एक प्रक्रिया आणि एक हानी अशा दोन गोष्टी सांधल्या गेल्या आहेत. मराठीत सुदैवाने त्यांस दोन निराळे शब्द उपलब्ध आहेत. आणि हे वैपुल्य टाकून एकरूपतेसाठी दोहोंस ‘व्यतिकरण’ म्हणणे म्हणजे असलेली संपत्ती गमावणे होय.

या भेदाचे महत्त्व एका प्रसिद्ध उदाहरणाने दाखविता येते. ‘ॲपल’ हा भारताचा पहिला प्रायोगिक भूस्थिर दळणवळण-उपग्रह १९ जून १९८१ रोजी फ्रेंच गियानातील कूरू येथून एरियान अग्निबाणाने सोडण्यात आला. आर. एम. वासगम् हे त्या प्रकल्पाचे संचालक होते. उड्डाणापूर्वी हा उपग्रह बैलगाडीवर ठेवल्याचे छायाचित्र सर्वत्र प्रसिद्ध झाले आणि ते प्रायः देशाच्या दारिद्र्याचे, अथवा त्या दारिद्र्यावरील जिद्दीचे, प्रतीक म्हणून पाहिले गेले. वस्तुतः गाडी लाकडाची असणे हेच तेथे प्रयोजन होते. ॲन्टेनाची चाचणी मोकळ्या जागेत घ्यावयाची असता उपग्रह धातूच्या वाहनावर ठेवला, तर त्या वाहनाच्या अंगावरून तरंग परावर्तित होतात. सरळ आलेला तरंग व परावर्तित तरंग यांचे व्यतिकरण होते आणि त्यामुळे मापनात व्यत्यय येतो.

या शेवटच्या वाक्यात दोन्ही शब्द आले आहेत आणि दोहोंचीही गरज आहे. व्यतिकरण हे तेथे कारण आहे, व्यत्यय हे कार्य आहे. दोहोंस एकच शब्द योजला तर कार्यकारणभाव सांगणारे वाक्यच लिहिता येत नाही. शिवाय प्रत्येक व्यत्ययाचे मूळ व्यतिकरणात नसते. विद्युत्-ठिणगीमुळे येणारा व्यत्यय व्यतिकरणाशिवाय घडतो, आणि ॲन्टेनांच्या रांगेतून तरंगास हवी ती दिशा देताना व्यतिकरण व्यत्ययाशिवाय, किंबहुना उपकारक म्हणून, घडते.

‘ॲपल’ या नावातच ‘पॅसेंजर’ व ‘पेलोड’ हे दोन शब्द दडलेले आहेत, हेही नमूद करण्यासारखे आहे. हिंदीत ‘नीतभार’ हा प्रतिशब्द रूढ झाला. तो ‘नेलेले ओझे’ एवढेच सांगतो. मूळ इंग्रजी शब्दातील ‘ज्याचे मोल मिळते ते ओझे’ हा अंश त्यात नाही. मराठी गाडीवान रिकाम्या फेरीस नव्हे, तर मोल मिळणाऱ्या फेरीसच ‘भाडे’ म्हणतो, आणि त्याच्या शब्दात तो अंश शाबूत आहे. अग्निबाणाच्या दृष्टीने संपूर्ण उपग्रह हे भाडे. उपग्रहाच्या दृष्टीने ट्रान्सपाँडर व ॲन्टेना हे भाडे. अर्थात् हा शब्द वस्तूचा नव्हे, संबंधाचा वाचक आहे.

४. ‘येणे’ या क्रियापदाचा दोष

शब्दाइतकाच विचार वाक्यरचनेचाही केला पाहिजे. मराठी शास्त्रीय लेखनात ‘संदेशात व्यत्यय आला’ या घाटाचे वाक्य सर्रास आढळते. ‘येणे’ हे अकर्मक क्रियापद मराठीच्या स्वभावास अत्यंत मानवणारे आहे. ताप येतो, झोप येते, राग येतो, तसाच व्यत्ययही येतो. या सर्व प्रयोगांत घटना आपोआप घडल्याचा भास होतो. तापाच्या बाबतीत रुग्णाच्या तोंडी हे शोभते. वैद्याच्या तोंडी शोभत नाही.

विद्युत्-चुंबकीय उपद्रवाचे शास्त्र तीन पदांवर उभे आहे : उपद्रवाचा उगम, त्याचा मार्ग आणि तो भोगणारे यंत्र. यांपैकी एक जरी पद काढून टाकले तरी उपद्रव उरत नाही. कारकविचाराच्या भाषेत सांगावयाचे, तर उगम हे अपादान होय, कारण तेथून काही निघते. त्यास कर्ता म्हणता येत नाही, कारण कर्त्याचे स्वातंत्र्य त्याच्या ठिकाणी नाही. मार्ग हे करण होय. भोगणारे यंत्र हे अधिकरण होय. ‘संदेशात व्यत्यय आला’ या वाक्यात तिन्हींपैकी केवळ अधिकरण शिल्लक राहिले आहे. अपादान व करण ही दोन्ही लोपली आहेत, आणि उपाय शोधावयाचा तो पुष्कळदा त्यांच्याच ठिकाणी.

प्रत्यक्ष उपाययोजनेकडे पाहिले तर ही विभागणी केवळ व्याकरणाची नाही हे पटते. वीजपुरवठ्याच्या मंडलास धातूची पेटी व फिल्टर बसविणे हा अपादानावरील उपाय. संदेशाच्या तारा व विजेच्या तारा परस्परांपासून दूर नेणे, जोडतारांना पीळ देणे, त्यांवर जाळीचे आवरण चढविणे हे करणावरील उपाय. ग्राहकाच्या तोंडाशी केवळ इष्ट कंप्रताच आत सोडणारा फिल्टर ठेवणे हा अधिकरणावरील उपाय. यास्तव विद्यार्थ्याने ‘वीजपुरवठ्यापासून तारांच्या द्वारे ग्राहकात व्यत्यय आला’ असे तिन्ही कारकांचे वाक्य लिहिण्याची सवय लावून घेतली, तर त्याचे अर्धे निदान वाक्यातच होऊन जाईल.

या संदर्भात एक प्रकार विशेष मननीय आहे. दोन निरनिराळ्या कंप्रतेचे प्रबळ तरंग धातूच्या एखाद्या सैल वा गंजलेल्या सांध्यातून गेले की तेथे तिसरीच कंप्रता उत्पन्न होते. समजा, उपग्रह ३.७ व ४.२ गिगाहर्ट्झ या दोन कंप्रतांवर प्रक्षेपण करीत आहे. ४.२ ची पाचपट २१ आणि ३.७ ची चौपट १४.८, त्यांची वजाबाकी ६.२ गिगाहर्ट्झ. ही कंप्रता नेमकी उपग्रहाच्या श्रवणपट्टात, म्हणजे ५.९२५ ते ६.४२५ गिगाहर्ट्झच्या दरम्यान, येऊन पडते. याहून खालच्या क्रमाचे, म्हणजे ४.२ ची चौपट वजा ३.७ ची तिप्पट असे गणित केल्यास ५.७ येते आणि तो तरंग पट्टाच्या बाहेरच राहतो. अशा प्रकारे, मुळात कोणीही न पाठविलेला तरंग केवळ सांध्याच्या दोषाने कानाशी येऊन ठेपतो. आणि तो श्रवणपट्टातच असल्यामुळे ग्राहकाच्या तोंडाशी बसविलेल्या फिल्टरलाही तो अडविता येत नाही. इंग्रजी संज्ञेच्या अनुकरणाने यास ‘निष्क्रिय अंतरमूर्च्छन’ असे काही बोजड नाव देण्यापेक्षा ‘संधिजन्य तरंग’ म्हणणे अधिक अन्वर्थक होईल. दोन वर्ण एकत्र आले असता तिसराच वर्ण उद्भवतो, ही कल्पना मराठी विद्यार्थ्यास व्याकरणातून परिचित आहेच. शिवाय दोष सांध्यात आहे, हेही त्या नावातच सांगितले जाते.

५. ‘भूसंपर्क’ आणि अंतरिक्ष

परिभाषेतील सर्वांत घातक शब्द मात्र निराळाच आहे. इंग्रजी ‘ग्राउंडिंग’ अथवा ‘अर्थिंग’ यास मराठीत ‘भूसंपर्क’ किंवा ‘भूसंपर्कन’ असा प्रतिशब्द दिला जातो. घराच्या वीजजोडणीत तो यथार्थ आहे; तेथे तार खरोखरच जमिनीत पुरलेली असते आणि अनावश्यक विद्युत्प्रवाह पृथ्वीच्या पोटात जिरतो. उपग्रहाच्या ठिकाणी मात्र भूमीच नाही.

‘अंतरिक्ष’ या शब्दाचा अर्थ येथे नीट पाहिला पाहिजे. वाशीम जिल्ह्यातील शिरपूर जैन येथील पार्श्वनाथाची मूर्ती ‘अंतरिक्ष पार्श्वनाथ’ या नावाने विख्यात आहे. मूर्ती भूमीस न टेकता अधांतरी आहे, या श्रद्धेवरून हे नाव पडले. पूर्वी तिच्याखालून घोडेस्वार जात असे आणि आता केवळ वस्त्र सरकविता येईल इतके अंतर उरले आहे, असेही परंपरा सांगते. श्रद्धेच्या सत्यासत्यतेचा प्रश्न येथे प्रस्तुत नाही. प्रस्तुत आहे तो शब्दाचा प्रयोग. शिरपूरच्या नावात अंतरिक्ष म्हणजे ग्रहतारे असलेला दूरचा प्रदेश नव्हे. भूमी आणि वस्तू यांच्या मधली मोकळी जागा, मग ती वस्त्राच्या जाडीएवढी का असेना, म्हणजे अंतरिक्ष. शब्दाचा जुना अर्थही द्यावापृथिवींच्या मधला अवकाश असाच आहे. अर्थात् उंची हे अंतरिक्षाचे लक्षण नसून भूस्पर्शाचा अभाव हे त्याचे लक्षण होय.

हा अर्थ मनात धरला की ‘उपग्रहाचे भूसंपर्कन’ या शब्दप्रयोगातील वदतोव्याघात उघड होतो. जे अंतरिक्षात आहे त्यास भूसंपर्क नाही. ज्यास भूसंपर्क आहे ते अंतरिक्षात नाही. उपग्रहात ज्यास ‘ग्राउंड’ म्हणतात, तो केवळ त्याचा धातूचा सांगाडा असतो. सर्व यंत्रांचे विद्युत्-विभव त्या सांगाड्याच्या तुलनेने मोजले जाते आणि परतीचे प्रवाह त्यातून वा त्याच्याशी जोडलेल्या तारांतून वाहतात.

हा वाद केवळ शब्दांचा नाही, याचे प्रमाण भूस्थिर कक्षेतच मिळते. चुंबकीय वादळाच्या काळात त्या प्रदेशातील वेगवान इलेक्ट्रॉन उपग्रहाच्या पृष्ठभागावर साचतात. उन्हातील भाग व सावलीतील भाग, धातूचा भाग व निरोधक भाग यांच्या विभवांत कित्येक हजार व्होल्टचे अंतर पडू शकते आणि मग त्यांच्यामध्ये ठिणगी उडते. ती ठिणगी स्वतःच उपद्रवाचा उगम बनून संगणकास खोटी आज्ञा दिल्यासारखे करू शकते. ‘भूसंपर्क’ या शब्दावर वाढलेला विद्यार्थी असे समजेल की, भूसंपर्क दिला म्हणजे साचलेला भार कोठेतरी निघून जाईल. वस्तुतः तो जिरविण्यास तेथे भूमीच नाही. सर्व भाग परस्परांशी जोडून त्यांच्यातील विभवांतर नाहीसे करणे एवढेच त्या जोडणीने साधता येते; म्हणूनच बाह्य आवरणांवर विद्युत्-वाहक लेप देऊन ती सांगाड्याशी जोडतात. विसर्जन आणि समीकरण या दोन भिन्न क्रिया आहेत, आणि ‘भूसंपर्क’ हा शब्द दुसरीस पहिलीचे रूप देतो.

योग्य शब्दासाठी फार दूर जावे लागत नाही. ट्रॅक्टर वा मोटार दुरुस्त करणारा कारागीर ‘बॉडी अर्थ’ असा शब्द वापरतो. रबरी चाकांवर उभ्या असलेल्या वाहनात परतीचा प्रवाह जमिनीतून नव्हे तर वाहनाच्या सांगाड्यातून जातो, हे त्याने ओळखले आहे. विद्युत्-दृष्ट्या ते वाहनही एका परीने अंतरिक्षातच आहे. त्याच्या शब्दातील ‘बॉडी’ हा अंश ठेवून ‘सांगाडासंपर्क’ असा शब्द घडविल्यास तो उपग्रहास तंतोतंत लागू पडेल, आणि ‘भूसंपर्क’ घराच्या वीजजोडणीपुरता राखता येईल.

६. लोकभाषेतील भेद

कारागिराप्रमाणे सामान्य श्रोत्याच्या भाषेतही या क्षेत्रास उपयोगी असे बारीक भेद आहेत. रेडिओवर सतत ऐकू येते ती ‘खरखर’. विजेच्या तारांमुळे येते ती ‘घूं’ अशी गुणगुण. आभाळात वीज चमकताच होते ती ‘कडकड’. दूरदर्शनच्या जुन्या संचावर संदेश क्षीण झाला की पडद्यावर दिसत त्या ‘मुंग्या’. आणि दोन केंद्रे एकदम ऐकू आली तर ती ‘एकात एक मिसळली’. या शब्दांमागे निरनिराळी कारणे आहेत. परिभाषाकाराने या सर्वांस ‘व्यत्यय’ या एकाच छत्राखाली आणले आणि लोकभाषेने केलेले निदान पुसून टाकले. खरखर ही तर व्यत्ययही नव्हे. उष्णतेमुळे प्रत्येक ग्राहकात जो अटळ रव असतो, त्याचाच तो मुख्यत्वे आवाज होय, आणि सांगाडासंपर्काने वा आवरणाने तो जात नाही. मार्चच्या पूर्वार्धात व ऑक्टोबरच्या आरंभी महाराष्ट्रातील उपग्रह-ग्राहकांस रोज काही मिनिटे संदेश मिळेनासा होतो, तो सूर्य उपग्रहाच्या ऐन पाठीमागे येऊन त्याचा रव संदेशावर मात करतो म्हणून.

व्यत्यय ही वस्तू नसून संबंध आहे, हेही लक्षात घेणे अगत्याचे आहे. पुणे जिल्ह्याच्या जुन्नर तालुक्यात आर्वी येथे १९७१ साली भारताचे पहिले व्यापारी उपग्रह-भूकेंद्र कार्यान्वित झाले. त्याच परिसरात खोडद येथे प्रा. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० ॲन्टेनांची महाकाय रेडिओ दुर्बीण उभी राहिली. मानवनिर्मित रेडिओ-रव कमी असणे हे ती जागा निवडण्याचे एक कारण होते. आर्वीच्या केंद्रास उपग्रहाचा तरंग हा संदेश. खोडदच्या दुर्बिणीस, तिच्या श्रवणपट्टात आला असता, तोच जातीचा तरंग हा व्यत्यय. २०१० च्या एप्रिलमध्ये ‘गॅलॅक्सी-१५’ हा उपग्रह जमिनीवरील नियंत्रणास जुमानेनासा झाला, परंतु त्याचे ट्रान्सपाँडर चालूच राहिले. तो जसजसा कक्षेत सरकत शेजारच्या उपग्रहांच्या जागी गेला, तसतसे त्याचे निर्दोष विवर्धन हेच शेजाऱ्यांच्या दृष्टीने संकट बनले. डिसेंबरात तो पुन्हा ताब्यात आला. त्याचे ट्रान्सपाँडर बिघडलेले नव्हते. बदलली होती ती केवळ त्याची जागा.

७. उपसंहार

या विवेचनावर एक आक्षेप संभवतो. उपग्रहांचे अभियंते आपले काम इंग्रजीत करतात. मग मराठी शब्दांची एवढी चिकित्सा कशासाठी? त्याचे उत्तर असे की, अभियंता होण्यापूर्वी तो विद्यार्थी असतो, आणि महाराष्ट्रातील पुष्कळ विद्यार्थ्यांच्या मनात विज्ञानाचे पहिले संस्कार मराठी शब्दांनीच घडतात. पुढे इंग्रजी संज्ञा आली तरी तिच्याखाली जुना मराठी शब्दच अर्थाचा आधार म्हणून राहतो. तो आधार सदोष असेल, तर वरची संज्ञा पाठ होते पण समजत नाही.

एकंदरीत पाहता तीन गोष्टी इष्ट ठरतात. प्रक्रियेस ‘व्यतिकरण’ व हानीस ‘व्यत्यय’ हा भेद कसोशीने पाळावा आणि ‘हस्तक्षेप’ हा शब्द राजकारणाकडे परत करावा. व्यत्ययाविषयीचे प्रत्येक विधान उगम, मार्ग व स्थान यांच्या निर्देशासह करावे. आणि ‘भूसंपर्क’ या शब्दास भूमी असेल तेथेच ठेवावे. परिभाषा घडविणाऱ्याने कोशाइतकेच गाडीवानाकडे, कारागिराकडे व रेडिओ ऐकणाऱ्याकडेही लक्ष दिले, तर या तिन्ही गोष्टींसाठी लागणारी सामग्री मराठीत आधीपासूनच आहे, असे त्यास आढळून येईल.